अक्षरशाळेतला ळ

ता. ४ मार्च

ती. वन्संना शि. सा. न.

फोनवर आपण दोघी नुसत्या रडतो, बोलणं काही होत नाही, म्हणून लिहायला बसले. शिडीवरून पडून ह्यांची मान मोडली, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. शस्त्रक्रिया झाली, हाडं स्क्रूने बसवलीत. शुद्धीवर आहेत, हळू का होईना बोलतात. पण मज्जारज्जूला मार बसलाय. पाय हलत नाहीत, आणि हातांबद्दल डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. पाट्या रंगवणाऱ्या माणसाचे हात हो, वन्सं.

आता माझा वेडेपणा ऐका. ह्यांच्या उशाशी यंत्रावर रक्तदाबाचा आकडा दिसतो. मामंजी प्रेशर वाढूनच गेले, तुम्हाला रोजची गोळी, त्यामुळे आकडा वर गेला की मी देवाचा धावा सुरू करते. काल कपाळावर हात ठेवून मी मनातल्या मनात 'खाली ये, खाली ये' म्हणत बसले. आकडा खरंच उतरला. मी हुश्श केलं, आणि सिस्टर धावत आल्या. त्यांनी सलाइनमधून चाललेलं औषध वाढवलं. तेव्हा कुठे कळलं की इथे प्रेशर मुद्दाम चढतं ठेवलंय. दुखावलेल्या मज्जारज्जूला रक्त कमी पडलं तर जे वाचलंय तेही जायचं, म्हणून आठवडाभर तरी आकडा पडू द्यायचा नाही. माझ्या हुश्शने काही बिघडलं नसेल ना? हे मी दुसऱ्या कुणाला विचारू?

बाहेरच्या बाकावर असते. शेजारची माणसं बदलतात, मी तिथेच.

तुमचा लोभ इथवर पोचू द्या.

वहिनी

ता. ७ मार्च

सौ. वहिनीस अ. उ. आ.

तुझ्या हुश्शने काहीही बिघडलेलं नाही. मनात म्हणून आकडे हलत असते, तर मी इथे बसल्या बसल्या तुझ्या नवऱ्याला केव्हाच उभा केला असता.

जन्मभर आम्ही ह्या रागोबाला 'शांत हो, प्रेशर वाढेल' म्हणून गप्प केलं. आता वाढवायचंच आहे, तर मला का नाही विचारलं? हे काम माझ्याइतकं कुणाला जमणार? पुढचं त्याला मोठ्याने वाचून दाखव. रागोबा, आपल्या दुकानाच्या पाटीवर 'अक्षरशाळा' लिहिलंयस, त्यातला तुझा तो ळ अजूनही एक काच मोठी आणि एक बारीक असलेल्या चष्म्यासारखा दिसतो. गिऱ्हाइकं तोंडावर बोलत नाहीत, मागे हसतात.

मी बरी आहे. जेवायला तीन ताटं काढते आणि दोन परत ठेवते. सवय मोडायला हवी, पण मोडावीशी वाटत नाही.

माझा लोभ दोघांवर सारखाच आहे. तुझ्यावर कणभर जास्त, पण त्याला सांगू नकोस.

ताई

ता. १५ मार्च

ती. वन्संना शि. सा. न.

तुमचं पत्र वाचलं तेव्हा आकडा थोडा चढला. सिस्टर म्हणाल्या, तो औषधाने. म्हणोत बापड्या.

आता ते औषध बंद झालंय, आम्ही साध्या वॉर्डात आलो. उजवं मनगट उचलतात, अंगठा जरासा हलतो. पाय अजून हलत नाहीत. पण अडलंय वेगळ्याच जागी. उठवून बसवलं की रक्त पायांकडे उतरतं, प्रेशर कोसळतं आणि हे डोळे फिरवतात. पायांत घट्ट मोजे, पोटाला पट्टा, खाटेची उशाकडची बाजू थोडी थोडी वर, सगळं चाललंय. बसता आलं तर चाकाची खुर्ची मिळेल, आणि मगच घरी. रोज प्रयत्न करायला हवा म्हणतात. हे मात्र 'राहू दे' म्हणून डोळे मिटून घेतात.

वन्सं, हे आता भांडत नाहीत. चहा गार झाला तरी 'चालेल' म्हणतात. ह्यांच्या रागाला मी किती कंटाळले होते! आता शेजारी बसूनही एकटं वाटतं.

तुम्हीच काहीतरी करा. माझं सगळं करून झालं.

वहिनी

ता. १९ मार्च

चि. रागोबास अ. उ. आ.

तू काही इतक्यात येत नाहीस असं दिसतं. दुकान बंद राहून कसं चालेल? म्हणून चौकातल्या पेंटरला बोलावलं आणि पाटी नव्याने रंगवून घेतली. ळ आता सरळ आहे, दोन्ही काचा सारख्या. पाटी एकदम सभ्य दिसते. तुला आवडेलच.

स्वस्थ पडून राहा. घाई नाही.

ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार मागाहून. आधी भांडण. मी सांगतोय, ही लिहितेय.

कुणाला विचारून पाटीला हात लावलास? तो चौकातला माणूस पट्टी लावून अक्षरं काढतो! माझा ळ तसा आहे, कारण पाटी उंच आहे आणि रस्त्यावरून तिरकं बघणाऱ्याला पलीकडची काच लहान दिसते, म्हणून ती मोठी काढलीय. इतकी वर्षं पाटीखालून जातेस आणि एवढं कळलं नाही?

पडून भांडता येत नाही, म्हणून सिस्टरांना म्हटलं, बसवा मला. अंधारी आली, आडवा केला. पुन्हा बसवा म्हटलं, पुन्हा तेच. आज खाटेची उशाकडची बाजू वर आहे आणि मी इथपर्यंत आलोय. हाताला ब्रश बांधून देतात म्हणे. येतो आणि तुझा सभ्य ळ पुसतो. तोवर कुणालाही शिडी लावू देऊ नकोस.

आता नमस्कार.

तुझा भाऊ

(वन्सं, पत्र संपेपर्यंत आकडा पडला नाही. मीच रडले. — वहिनी)

ता. २८ मार्च

चि. रागोबास अ. उ. आ.

पाटीला कुणी हात लावलेला नाही. चौकातला पेंटर आला होता, पण तुझी चौकशी करायला. पाटीकडे बघत उभा राहिला आणि तसाच गेला. खोटं बोलले, कारण घर फार शांत झालंय आणि तू तिथे त्याहून शांत झाला होतास. ते मला सहन होईना.

रोज सकाळी काठीला फडकं बांधून पाटी पुसते. पायरीवरून पार टोकाच्या ळपर्यंत काठी पोचत नाही, तेवढी धूळ राहते. खुर्चीतून तुझाही हात पोचायचा नाही, हे मला कळतं. नाही पोचला तर नाही. तू ये. आपण दोघं खालून बघू आणि भांडू.

तीन ताटं काढून ठेवते.

ताई