किरकोळ दुरुस्ती

मी, योगीराज बिरू बंडगर, वय ३९, व्यवसाय संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणे, राहणार सास्तूर, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते यकृत, आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी दिवाळीच्या पुढचं काही बोलायचं टाळलं. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, दाब नाही. दारूला कधी शिवलो नाही, तरी यकृतच गेलं, आता बोला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. घर. भूकंपानंतर आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मिळालेल्या दोन खोल्या आणि मागं मी बांधलेली एक. यातला माझा हिस्सा आई हरणाबाई हिला, तिच्यानंतर थोरला भाऊ भागवत याला. मागच्या खोलीचा पत्रा गळतो. तो भागवतने मी गेल्यावर तरी बदलावा. चार वर्षं "करू की" म्हणतोय.

कलम २. बँकेतली शिल्लक आईच्या औषधपाण्याला पुरेल एवढी ठेवून बाकी सगळी माझी पुतणी प्रतीक्षा भागवत बंडगर हिच्या शिक्षणाला. आकडा पासबुकात आहे, इथं लिहीत नाही. साक्षीदारांत रामकिसन आहे, उद्या गावभर होईल. (रामकिसन, रागावू नको. सही कर.)

कलम ३. आबांचं घोंगडं, काठी आणि लोकर कातरायची कातर भागवतला. जुलै २०१९ मध्ये एका कृषी प्रदर्शनात माझा सत्कार झाला, त्या वेळची शाल पेटीत तळाशी आहे. ती माझ्या अंगावर घालू नये, कोणाला देऊ नये. चुलीत घालावी. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ४. 'कळप' नावाचा माझा प्रोग्रॅम. मेंढपाळांसाठी लिहिला, फुकट दिला. मेंढीचं वजन, लस, गाभण किती, सगळं फोनवर. त्याचा कोड इंटरनेटवर एका उघड्या भांडारात असतो, आमच्या धंद्यात त्याला रेपो म्हणतात. त्यातल्याच एका कप्प्यात माहितीची पानं होती: किती वजनाला कोणतं औषध किती पाजायचं. ही पानं वेबसाइटवर जायला मी आपोआप चालणारी सोय लावली होती. मी पुण्यात बसून रेपोत बदल ढकलायचा, यंत्राने पानं बांधायची आणि दोन मिनिटांत वेबसाइटवर चढवायची. मधे कोणी तपासायचं नाही, कोणी विचारायचं नाही. याचा मला लई माज होता. घरी सांगून ठेवलं होतं, "बाटलीवरचं बारीक इंग्रजी वाचत बसू नका. माझं पान बघा."

११ जून २०१९, मंगळवार. जंताच्या औषधाची नवी बाटली बाजारात आली होती, जुन्यापेक्षा चौपट कडक. सकाळी उठल्या उठल्या घाईघाईत मी नव्या बाटलीचं नाव टाकलं आणि आकडा जुन्याचाच ठेवला: दर दहा किलोला दोन मिली. मला शंका होती. मी शेजारी लिहिलंही होतं, 'हा आकडा तपासायचा आहे.' पण ते लिहिलं टिपणाच्या खुणेत. अशा खुणेतला मजकूर फक्त फाइल उघडणाऱ्याला दिसतो, पान बांधताना यंत्र तो गाळून टाकतं. हे मला माहीत होतं, मीच लावलेलं होतं. शंका माझ्या फाइलीत राहिली आणि आकडा सहा वाजून बारा मिनिटांनी वेबसाइटवर गेला.

सात वाजता माझी वहिनी दैवशाला, म्हणजे भागवतची बायको, फोन हातात घेऊन मेंढ्यांच्या वाडग्यात शिरली. आकडा वाचून दाखवायला दहा-बारा वर्षांची प्रतीक्षा सोबत होती, पण वहिनीने तिच्यावर भरवसा न ठेवता स्वतः दोनदा वाचला. मग एकेका मेंढीचा जबडा धरून मोजून औषध पाजलं. चौसष्ट मेंढ्या.

नऊ पंचवीसला दुकानदाराने बाटलीच्या लेबलचा फोटो पाठवला. अर्धा मिली. मी बसमध्ये उभ्या उभ्या आकडा बदलला. प्रत्येक बदलासोबत कशासाठी केला ते एका ओळीत लिहावं लागतं. मी लिहिलं: 'किरकोळ दुरुस्ती'. दोन मिनिटांत यंत्राने पान बदललं. मला हायसं वाटलं. घरी फोन केला नाही. त्या वेळी केला असता तर गुरांचा डॉक्टर आणून काही मेंढ्या जगल्या असत्या, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं.

बारा वाजता आबांचा फोन आला. "योग्या, मेंढरं तडफडायलीत रं. तोंडाला फेस आलाय. काय करू?"

मी विचारलं, "कितीनं पाजलं?"

"दैवशाला म्हणती दोननं."

मी काय बोललो ते लिहितो, कारण ते मला कोणी बोलायला लावलं नव्हतं. मी म्हणालो, "पानावर तर अर्धा आहे."

अडतीस मेंढ्या दिवस मावळायच्या आत गेल्या. संध्याकाळी भागवतने पान उघडलं, अर्धा बघितला आणि फोन वहिनीच्या तोंडापुढं धरला. "हे काय लिव्हलंय? वाच की! डोळे फुटले व्हते का तुझे?" ती म्हणत राहिली, "दोनच व्हतं. आईची आण, दोनच व्हतं." भागवतने हात उचलला. आबा उचलणाऱ्यांतले नव्हते. ते एवढंच म्हणाले, "आजपासनं हिच्या हातचं पाणी मला नगं." मोजून अडीच वर्षं त्यांनी ते पाळलं. शेवटी अंथरुणावर खिळले, तरी "मामा, पाणी घ्या" म्हणत तिने तांब्या पुढं केला की तोंड फिरवायचे. त्यांच्या तेराव्यानंतर ती प्रतीक्षाला घेऊन कळंबला गेली. तिथं एका वसतिगृहात पोळ्या करते. तिने एवढं नुकसान केलं म्हणून गावात तिचं नाव अजून घेतात, आणि मी त्या साली शाल घेऊन आलो.

कलम ५. रेपो, वेबसाइट आणि त्यांच्या सगळ्या किल्ल्या प्रतीक्षाला. ती आता लातूरला संगणकच शिकते. अटी अशा. औषधाचं कोणतंही पान यापुढं आपोआप प्रसिद्ध होऊ नये. तशी व्यवस्था मी केलेली आहे: आता यंत्र थांबतं आणि दुसऱ्या माणसाची संमती मागतं. तो दुसरा माणूस मेंढीला हाताने औषध पाजलेला असावा, नुसता शिकलेला चालणार नाही. शंका असेल तर ती पानावर, आकड्याच्या शेजारी, ठळक लिहावी. आणि रेपोचा इतिहास कोणी पुसू नये. सहा बाराचा बदल, नऊ पंचवीसचा बदल, माझं नाव आणि 'किरकोळ दुरुस्ती' हे शब्द तिथं जसेच्या तसे आहेत. सहा वर्षं कोणीही ते बघू शकलं असतं. बघायचं कोणाला सुचलं नाही, आणि मी सुचवलं नाही.

कलम ६. भागवतने कळंबला जावं आणि दैवशालापुढं एवढंच बोलावं: "दोनच होतं." लगेच "चल घरी" म्हणू नये. यायचं की नाही ते ती ठरवेल. तू मारलंस त्याचा राग माझ्या मनात आहे, भागवत, पण तो धरायचा मला हक्क नाही.

कलम ७. <s>माझ्या मृत्यूनंतर</s> मी सगळं कबूल करणारं एक पान लिहून ठेवलं आहे, ते वेबसाइटच्या पहिल्या जागी प्रसिद्ध करावं.

वरचे दोन शब्द मीच खोडले आहेत, शेजारी सही आहे. खुलासा असा. आज हे सगळं लिहून झाल्यावर मी साक्षीदारांना वाचून दाखवलं. हणमंतप्पा, आमचे शेजारी आणि निवृत्त तलाठी, यांनी चष्मा काढला.

"मेल्यावर कशाला रे?" ते म्हणाले. "मेलेल्या माणसाला ती बाई काय शिव्या देणार? तेवढं तरी दे की तिला."

मला राग आला. मग पटलं. हे मृत्युपत्र म्हणजे माझी आणखी एक पळवाट होती. सकाळी अकरा वाजता मी ते पान रेपोत ढकललं. यंत्र थांबलं आणि संमती मागू लागलं. ती द्यायची प्रतीक्षाने, तसं तिचं नाव मी आधीच घातलं होतं. रविवार असल्यामुळं ती कळंबला आईकडंच होती. मी तिला फोन करून एवढंच सांगितलं, "एक पान आलंय. आईला वाचून दाखव, मग ठरव."

सतरा मिनिटं काही झालं नाही. आई आत तांदूळ निवडत होती, भागवत ओट्यावर बसला होता. त्याला मी अजून काही सांगितलं नव्हतं, पण दार उघडं होतं आणि माझं वाचन त्याने ऐकलं होतं. तो उठून वाडग्याकडं निघून गेला. अकरा सतराला संमती आली, एकोणीसला पान वेबसाइटवर दिसलं.

मग वहिनीचा फोन आला. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. ती रडत नव्हती. मी "वहिनी" म्हणालो.

"पोरीनं वाचून दाखवलं भावजी," ती म्हणाली. "दोनदा वाचाय लावलं मी. आता सगळ्या गावानं वाचू द्या. पर मामांना कोण वाचून दाखवणार?"

तिने फोन ठेवला.

कलम ८. याची व्यवस्था मला करता आली नाही.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि खोडलेल्या शब्दांसह मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं आणि मग माझ्यासमोर स्वतःच्या सह्या केल्या.

सही: योगीराज बिरू बंडगर

साक्षीदार:
१. हणमंतप्पा शिवलिंगप्पा हत्तरगे, निवृत्त तलाठी, सास्तूर
२. रामकिसन दगडोबा सुरवसे, झेरॉक्स दुकान, सास्तूर

स्थळ: सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५