सुई न कळणारी बोटं

१२ जानेवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

आपली सात वर्षांची भिंगरी एवढ्या बर्फातून पायी शाळेत जाते हे ऐकलं. मोजे दोन दोन घाल, कानटोपी हनुवटीखाली बांध. हातमोजे ती हरवणारच, लेक तुझी. बोटं पांढरी पडली तर खसाखसा चोळ आणि शेगडीवर धर. माझ्या आईनं माझी अशीच वाचवली. दोन बोटांना अजून सुई टोचलेली कळत नाही, एवढंच. पत्र शेजारचा शिंपी लिहितोय, जांभया देत. काही गाळलं असेल तर तिथूनच त्याचा कान पिळ.

लोभ आहेच, पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई

१४ जानेवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

आधीच्या पत्रातलं शेगडीचं आधी विसर! हे पत्र दवाखान्यातली नर्सबाई लिहितेय. तिला काल माझ्या बोटांची कथा फुशारकीनं सांगितली, तर माझ्यावरच ओरडली. बोटं थंडीनं नाही, चोळून आणि भाजून गेली म्हणाली. बधिर बोटाला चटका कळतच नाही. चोळायचं नाही, शेकायचं नाही. ओलं काढून बोटं कोमट पाण्यात बुडवायची आणि डॉक्टर गाठायचा. पोर कुडकुडायची थांबून गप्प झाली तर ऊब आली समजू नकोस, तेव्हाच धाव. सत्तर वर्षं मी आईचे उपकार मानत बसले! शिंप्याला पत्र परत आणायला पिटाळलं, पण टपाल निघून गेलेलं. घास उतरत नाही गं. जन्मात माझं ऐकलं नाहीस, आताच नको ऐकूस.

उलट टपाली एक ओळ टाक.

भेदरलेली तुझी आई

२१ जानेवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

भिंगरी बरी आहे. तुझं पहिलं पत्र सोमवारी आलं आणि मंगळवारी ती एक हातमोजा हरवून आली. तीन बोटं मेणासारखी, आणि रडतही नव्हती. तुझ्या सांगण्याप्रमाणे मी तिचा हात शेगडीपाशी नेला. तेवढ्यात तुझी बोटं आठवली. लहानपणी मी त्यांत हळूच सुई टोचायची, तू आपली बोलतच राहायचीस, आणि मला हसू यायचं. परवा घाम फुटला. हात मागे ओढला, स्वेटरच्या आत काखेत धरून बसले. अर्ध्या तासानं तिनं भोकाड पसरलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

दुसरं पत्र आज मिळालं. न राहवून तिच्या तिन्ही बोटांना सुईचं टोक लावून पाहिलं. तिन्ही वेळा किंचाळली, आणि शेवटी मला चापट मारली.

आता जेव.

तुझं न ऐकणारी,
धाकटी