म्हशीची डावी झडप

११ जानेवारी
सगळा दिवस वाया! शेळ्यांच्या गोठ्यावर विमानाचं शेपूट आहे म्हणे. कुणीतरी नवऱ्याच्या कानात सांगितलं आणि निघाली स्वारी. गाडी मी चालवायची, धूळ मी खायची. शेपूट कसलं, जुन्या बसचं टप! नवऱ्याने हात फिरवला. म्हणाला, "बस आहे." मी म्हटलं, हे मला रस्त्यावरूनच दिसत होतं. शेळीवाला पोट धरून हसला.

१२ जानेवारी
राग उतरला. ही वणवण कशासाठी ते लिहून ठेवते.
नवरा तरुणपणी लष्कराच्या मालवाहू विमानांवर मेकॅनिक होता. त्यातल्या एका जातीला ते लोक म्हैस म्हणायचे. पोट हे एवढं! मागे दोन झडपांचं दार, आत अख्खी जीप जायची. सगळ्या म्हशी भंगारात गेल्या. जगात आता दोन-चार उरल्यात. संग्रहालयाचा माणूस (मी त्याला मास्तर म्हणते, सारखा समजावत असतो) तुकडे गोळा करून एक उभी करतोय. सगळं जमलं, दाराची डावी झडप तेवढी मिळत नाही.
ते दार लावणं हे नवऱ्याचं काम होतं. एकदा परत लावायचंय म्हणतो, डोळ्यांदेखत. आणि डोळे तर चाललेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उन्हाळ्यापर्यंत काय दिसेल ते. पुढचं धरून चालू नका."

२० जानेवारी
आज माझ्या लोखंडकामाच्या दुकानातच. खिडकीचे गज कापले. नवरा कोपऱ्यात बसून होता.

२३ जानेवारी
सापडली!!
लाकडाच्या वखारीला फाटक म्हणून लावलेली. वर हिरवा रंग थापलेला. नवऱ्याने रिव्हेटांवरून बोटं फिरवली आणि तिथेच कपाळ टेकवलं. बिजागऱ्यांच्या जागा डावीकडे, म्हणजे हीच ती.
वखारवाली काही कमी नाही. "ही नेता, मग मी काय चादर बांधू?"
म्हटलं, "फाटकं करणं हाच माझा धंदा आहे बाई. याच्याहून बरं करून देते."
"जाळीचं नको. कुत्री डोकावतात."
"बरं."
"आणि करकरलं तर परत बोलावीन."
"मी केलेलं फाटक करकरत नाही!"

२ फेब्रुवारी
फाटक बसवलं. करकरत नाही. वखारवालीने चारदा उघडझाप करून बघितलं. झडप गाडीत घातली.

३ फेब्रुवारी
संग्रहालयात गेलो. मास्तरांनी झडप उभी केली, निमुळतं टोक वर. वखारवालीने ती उलटी टांगली होती! सुलटी केल्यावर बिजागऱ्या गेल्या उजवीकडे. म्हणजे ही पण उजवीच. शेजारी शेजारी दोन उजव्या.
नवरा पुढे झाला, दोन्ही चाचपल्या. म्हणाला, "जमली जोडी."
'अहो, आंधळ्यालाही दिसेल' असं म्हणणार होते. जीभ चावली.
त्याला दिसतच नाही. समोर ठेवलेलं दिसत नाही!
गप्प बसले. मी! मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या पायावर पाय दिला.

४ फेब्रुवारी
एकटीच परत गेले. मास्तरांना म्हटलं, उजवीचं माप घेऊन डावी मी करते.
"नव्या पत्र्याची? बाई, इथे सगळं अस्सल असतं."
"त्या दारापाशी उभा राहणारा माणूस पण अस्सलच आहे. तो आणखी किती दिवस थांबणार?"
मास्तरांनी चष्मा पुसला. "एका दिवसापुरती. मग काढणार."
"काढा."

२१ फेब्रुवारी
हलका पत्रा माझ्या हाताला ओळखीचा नाही. दोनदा वाकडा गेला, दोनदा फेकला. नवरा विचारतो, एवढं काय ठोकतेस? म्हटलं, शाळेचं फाटक.

१ मार्च
दार लागलं. डावी झडप मी केलेली.
त्यांची जुनी पद्धत होती. दार लावायच्या आधी पोटावर दोन थापा मारायच्या, म्हणजे आतल्यांनी हात आत घ्यायचे. नवऱ्याने थापा मारल्या. आत कुणी नव्हतं, तरी थांबला. मग मला म्हणाला, "तू पलीकडची धर. सावकाश." झडपा मिटल्या. मास्तर तेवढे टाळ्या वाजवत होते.
नवरा बराच वेळ दोन झडपांमधल्या फटीवर हात ठेवून उभा.

२ मार्च
सकाळी मी चहा दिला तेव्हा नवरा म्हणाला, "दोन्ही उजव्या होत्या, ते मला त्या दिवशी हात लावल्याबरोबर कळलं. पण तू फाटक करून देऊन बसली होतीस. बोलवेना. म्हटलं, आता ही ओरडेल. नाही ओरडलीस. तेव्हा समजलो, मला दिसत नाही हे तुला कळलंय."
विचारलं, कधीपासून दिसत नाही?
"थंडी पडायला लागली तेव्हापासून. त्याआधीही धूसरच."
मग मात्र ओरडले. पोटभर ओरडले. तो चहा पीत ऐकत बसला.