डेल्मरचे पीस चुकलेच कसे?

प्रिय वर्नाताईस धाकट्या बहिणीचा आदरपूर्वक नमस्कार. टल्सात तुम्ही सर्व सुखरूप असाल अशी आशा आहे. तुमच्याकडच्या मोठ्या आजीचा गुडघा कसा आहे? आणि तिची स्मरणशक्ती पूर्वीइतकीच तल्लख आहे ना? (हे केवळ काळजीपोटी विचारते आहे.) फोन केला असता, परंतु आपल्या घरी फोन कुणीही केला तरी ऐकते आपली आजीच.

शनिवारी गोलघरात हातखेळ झाला. आपल्या उत्तरेच्या बाजूला हाड लपवणारे कमी पडले, तेव्हा रॉस्कोमामाने सर्वांदेखत मला ओढले. "रोज पुस्तकामागे तोंड लपवतेस ना? आज मुठीत एवढंसं हाड लपव!" माझ्या ज्या मुठीत हाड असते त्याच बाजूचा कान लाल होतो, हे तुझ्याइतके कुणाला ठाऊक आहे? (लहानपणी या कानाच्या जोरावर तू माझा सगळा खाऊ जिंकलास.) त्यातच हरणाऱ्या बाजूने पुढच्या खेळाला सर्वांचे जेवण रांधायचे, आणि आजीने आधीच बजावले होते, "तुझ्यामुळे हरलो तर मक्याचं सूप तूच करशील. गाव उपाशी राहिलं तर राहू दे."

हाड कुठल्या मुठीत आहे ते ओळखून पिसाने दाखवायला समोरच्या बाजूचा डेल्मर उभा होता, ओपलबाईंचा नातू. गेल्या हिवाळ्यात याच्या पिसाने रॉस्कोमामाला रडकुंडीला आणले होते, इतका त्याचा नेम पक्का. ढोल घुमू लागला, गाणे चढले, माझा उजवा कान पेटला. त्याने तो कान निवांतपणे न्याहाळला आणि पिसाने माझी डावी मूठ दाखवली. रिकामी! आपल्या बाजूचे ओरडले. मला मात्र तिथेच संशय आला. पुढच्या वेळी डावा कान पेटला. त्याने उजवी मूठ दाखवली. मामाने त्याला फितवले असेल का? की माझी कीव आली? (कीव असेल तर मी त्याला क्षमा करणार नाही.) खात्री करून घेण्यासाठी शेवटच्या डावात मी बोटे मुद्दाम सैल ठेवली, हाडाचे पांढरे टोक चक्क बाहेर दिसत होते. त्याने ते पाहिले, गंभीरपणे मान डोलावली आणि दुसरी मूठ दाखवली.

ओपलबाई कडाडल्या, "पिसाने माशा हाकलतोस का रे? चष्मा लाव!"

"आजी, मला सगळं नीट दिसतंय," तो म्हणाला. पण पाहत होता माझ्याकडे. हे वाक्य मला अत्यंत संशयास्पद वाटते. आपण जिंकलो, मामा नाचला, आणि मी मात्र विचार करते आहे की हा विजय माझा की त्याचा? असो. मला त्या मुलाशी काहीही कर्तव्य नाही.

तुझी,
लोरीन

ता.क. मोठ्या आजीला सहज म्हणून विचार: ओपलबाईंची आई कुणाच्या घरातली? त्यांचे आणि आपले कुठे नाते लागते का? नाते निघाले तर मला त्याला जन्मभर भाऊ म्हणावे लागेल. कोण विचारते आहे, हे मात्र सांगू नकोस.

आणखी एक. उत्तर पुढच्या खेळाच्या आत हवे. त्या वेळी हाड तो लपवणार आहे आणि आपल्या बाजूचे पीस मी मागून घेतले आहे. तो भाऊ निघाला तर त्याला मुळीच दयामाया दाखवणार नाही. नाते नसेल, तर माझा नेम चुकण्याची दाट शक्यता आहे.