अधिकाऱ्याची खुर्ची

२४ जुलै १९९६, बुधवार. बरकतपुरा

आज आठवीच्या वर्गात तलावाची सुनावणी घेतली. नव्या कारखान्याचं सांडपाणी तलावात येतं, गावकरी तक्रार करतात, अधिकारी निकाल देतो, असं नाटुकलं मीच लिहिलं होतं. अधिकारी झाली वैशाली. माझ्या खुर्चीत ऐटीत बसली आणि गावकऱ्यांना इथल्या हापिसांतल्या दखनी हिंदीत म्हणाली, "अब्बी टाइम नै. कल आव."

वर्ग खो खो हसला.

"अगं, निकाल दे ना!" मी म्हटलं.

"बाई, हापिसात असंच असतं. आजोबांच्या पेन्शनसाठी मी जाते ना."

नेमक्या हेडबाई दारात. "उद्याचा एक तास देते. निकाल लागला नाही, तर हा पोरखेळ बंद. पुस्तकातून शिकवा."

मी तो अधिकारी इतका सज्जन का लिहिला? मला काय ठाऊक नव्हतं? कॉलेजच्या फीमाफीचा दाखला घ्यायला मी आणि बाबा अशाच खुर्चीसमोर चार वेळा "कल" ऐकून परतलो. पाचव्यांदा बाबा उठले, मी उठले नाही. म्हणून तर आज घरातली पहिली पदवीधर.

वैशालीचं वाक्य राहू दे. ते खरं आहे. गावकऱ्यांना मात्र उद्या एवढंच सांगणार: खुर्चीसमोरून हलायचं नाही.

निकाल लागेल.