पिटुकलीचा चढता आलेख

तीर्थस्वरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

औषधाने आजार कमी झाला तर औषध लागू पडलं, आणि वाढला तर जास्तच लागू पडलं. मग ते लागू पडलं नाही असं कधी म्हणायचं? तीन आठवडे डोकं खाजवते आहे (आमच्याकडे सध्या सगळेच काही ना काही खाजवतात), मला उत्तर सापडलेलं नाही. तुमची तब्येत ठणठणीत असेल. मामींचा गुडघा कसा आहे? इथे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं ते पुढे येतंच.

दादाच्या दोन वर्षांच्या पिटुकलीच्या इसबावर तुम्ही पोस्टाने पाठवलेल्या होमिओपॅथीच्या गोळ्या पोहोचल्या. सोबतच्या चिठ्ठीतल्या सूचना आईने अक्षरशः पाळल्या. डॉक्टरांचं मलम बंद, कांदा बंद, पुदिन्याची टूथपेस्ट बंद, कॉफी बंद. गोळ्या एकटीला, पथ्य सगळ्या घराला. (बाबा रोज सकाळी पाय मोकळे करायला जातात आणि कॉफीचा वास घेऊन परततात. आई त्यांना पिटुकलीला उचलू देत नाही.)

पुरळ आधी वाढेल, घाबरू नये, ती सुधारणेची खूण, असंही तुम्ही लिहिलं होतं. घरातली पहिली पदवीधर मी, तीही संख्याशास्त्राची, म्हणून खूण मोजायचं काम माझ्याकडे आलं. (पदवी कसली हे घरात कोणी विचारत नाही, टीव्ही बिघडला तरी मलाच हाक मारतात.) रोज आंघोळीनंतर कोपराच्या खळगीतला लाल चट्टा पट्टीने मोजायचा आणि फ्रिजवर लावलेल्या आलेखात ठिपका द्यायचा. रेघ चढत गेली तशी आई खुलत गेली. "आतलं सगळं बाहेर पडतंय," असं म्हणत ती शेजारणींना आलेख दाखवायची. वहिनीने एकदाच विचारलं, "आई, आत आहे तरी किती?" त्यानंतर दोन दिवस तिच्याशी कोणी धड बोललं नाही. मामा, कबूल करते, मलाही अभिमान वाटत होता. इतकी सरळ रेघ मला परीक्षेतही जमली नव्हती.

सतराव्या दिवशी ठिपका कागदाबाहेर गेला. मी दुसरा कागद चिकटवायला घेतला, तेवढ्यात वहिनीने पिटुकलीला माझ्या मांडीवर आणून ठेवलं. अंग तापलेलं, चट्ट्यातून पिवळं पाणी, आणि ती रडतही नव्हती. नुसती माझ्या बाहीला कोपर घासत होती. मी डिंकाची बाटली बंद केली आणि आम्ही दोघी तिला घेऊन कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आलेखही नेला.

बाईंनी आधी पिटुकलीला तपासलं, मग आलेखाला. "कोणी काढलाय?" मी मान ताठ करून "मी" म्हणाले. "चांगला आहे. मलम कुठल्या दिवशी बंद केलं?" मी पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं, आणि तिथून ते उचलवेना. त्या रागावल्या नाहीत. मलम थांबलं, कातडी उघडी पडली, जंतू शिरले. आणखी दोन दिवस वाट पाहिली असती तर भरती करावं लागलं असतं, एवढंच म्हणाल्या.

आता ताप उतरला आहे. जंतूंवरचं औषध, मलम, शिवाय दिवसातून तीनदा चोपडायचा मऊ लेप. आलेख मी चालू ठेवला आहे आणि तो घसरगुंडीसारखा उतरतो आहे. काल पिटुकली दुपारी तीन तास झोपली, आणि उठल्यावर तिने लेपाचा डबा स्वतःच्या डोक्यावर पालथा केला. वहिनी हसत हसत पुसत होती.

तुमच्यावर न रुसलेली,
भाची

ता. क. : मी लावलेलं मलम आई संधी मिळाली की ओल्या फडक्याने हळूच पुसून टाकते, आणि मी पुन्हा लावते. "माझा भाऊ सांगेपर्यंत नाही," म्हणते. माझी पदवी तिच्या भावापुढे चालत नाही. मलम चालू ठेव, एवढी एक ओळ तिला तुमच्या अक्षरात लिहा. बाकी पत्र त्यासाठीच होतं.

आणखी एक : मागच्या भेटीत तुम्ही भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसला होता, आणि मामी म्हणाल्या होत्या की बाहीखालच्या त्या कोपराची अकरा वर्षं सुधारणाच चालू आहे. डॉक्टरीणबाई मोठ्यांनाही तपासतात. बुधवारी अकरा वाजता पिटुकलीच्या पाठोपाठ तुमचा नंबर आहे. नाव मी परवाच नोंदवलं, आणि येताना तुमचं इकडे यायचं तिकीटही काढलं. ते याच पाकिटात घातलं आहे. कॉफी पिऊन निघा.