कोलीनचा वास

सुमित्रा मारोती नान्हे,

तुझे संपूर्ण नाव, माहेरच्या आडनावासह, मी आज प्रथमच लिहीत आहे. घरी मी तुला ‘ऐकलंस का’ म्हणत असे आणि महाविद्यालयात ‘मॅडम’. तू गेल्यानंतर रसायनशास्त्राची आपली प्रयोगशाळा मी एकट्याने सांभाळली; आज मीही सेवानिवृत्त झालो. नव्या विभागप्रमुखांना कपाटे रिकामी हवी होती. तशी ती झाली, केवळ एका कपाटात तू तयार केलेली बाटली उरली. ती ओतून टाकावी की घरी न्यावी, हे सकाळपर्यंत माझे ठरत नव्हते.

ती तयार झाली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. कोलीनच्या द्रावणात तू ग्लायसीन, अमिनो आम्लांतले सर्वांत साधे, मिसळते आहेस आणि निर्वातात पाणी काढून घेते आहेस. तळाशी उरते ते फिकट पिवळे, मधासारखे दाट असे मीठ. मीठच, परंतु न तापवता द्रवरूप राहणारे. कोलीनला माशांसारखा वास येतो, हे आपल्याला ठाऊक होते, आपल्या परिचरांना नव्हते. ते दारातूनच विचारतात, “मॅडम, डब्ब्यात मासोळी आनली का जी? मले सांगतलं बी नाही.” मी त्यांना वासाचे रासायनिक कारण समजावू लागतो, तोच तू म्हणतेस, “राहू द्या जी तुमचं लेक्चर. भाऊ, माह्या माहेरचा वास हाय हा.” ते गंभीरपणे म्हणतात, “मंग रस्सा तं वाढा.” तू खुर्चीवर बसून हसत राहतेस. तुझे माहेर तेव्हा गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेले होते आणि तुझे वडील, जातीने ढिवर, पुनर्वसनाच्या वसाहतीतून येऊन त्याच पाण्यात जाळे टाकीत. त्या वासाला तू हसलीस, याचे मला आजही समाधान वाटते.

मी नेहमीप्रमाणे साबणाने दोनदा हात धुतले. तू पाहतच होतीस. “कितीक धुता जी? लगन तं ढिवराच्या पोरीशीच झालं न तुमचं.” मी बाटलीकडे वळून म्हणालो की यात ओलावा शिरता कामा नये. तू म्हणालीस, “सुकं ठेवून काय पाहाल? पान्यात सोडा, मंग समजते.” पाण्यातल्या गुणधर्मांची ती मापने तूच करणार होतीस. आजारपणाने ते राहून गेले, आणि मी बाटली घट्ट बंद करून जपत राहिलो.

आज दुपारी मी ती उघडली. रंग तपकिरी झाला होता. शोधनिबंधाच्या दृष्टीने नमुना निरुपयोगी होता. वास मात्र तोच. मी त्यातला थोडा पात्रात ओतला, विद्युतवाहकता मोजणारे यंत्र लावले आणि शुद्ध पाणी थोडे थोडे घालू लागलो. आधी त्या दाट द्रवातून वीज जेमतेम वाहत होती. पाणी मिळताच तो सैल झाला, आयनांना हलायला जागा झाली आणि आकडा चढू लागला. बराच वेळ चढला. मग एका टप्प्यानंतर, पाणीच फार झाल्यावर, सावकाश उतरू लागला. पाण्यात सोडल्यावरच समजले, अगदी तू म्हणाली होतीस तसे. पुन्हा पुन्हा नवा भाग घेऊन मोजले; बाटली रिकामी होईपर्यंत मी थांबलो नाही. ती ओतून टाकली नाही, घरीही नेली नाही. तिचे काम पूर्ण झाले. फार दिवसांनी मला इतके बरे वाटले.

नवे विभागप्रमुख डोकावून म्हणाले, “सर, आज पार्टी हाय का? मासोळीचा वास येऊन राहिला.” मी कोणतेही कारण समजावले नाही. “माझ्या सासुरवाडीचा आहे,” इतकेच म्हणालो.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो. दाराला कुलूप लावले, किल्ल्या कार्यालयात परत केल्या आणि बसस्थानकापर्यंत चालत आलो. हात मी धुतले नाहीत.